ढोलीची खूण

रानात कुऱ्हाडीचा आवाज अजून पोचला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. केतकी नावाच्या धनेशिणीनं बेहड्याच्या ढोलीत अंडी घातली आणि धनेशांच्या रीतीप्रमाणे ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून स्वतःला आत कोंडून घेतलं. उघडी राहिली ती एक फट. नवरा भानू बाहेरून ठरलेली खूण ठोकायचा, मगच ती चोच बाहेर काढून फळ घ्यायची.

एके दिवशी ऊन कललं तरी भानू परतला नाही. भुकेनं केतकीचा जीव कासावीस झाला. तेवढ्यात बाहेरची फांदी वाकली आणि एक अनोळखी आवाज आला.

"वहिनी, मी रानाचा पहारेकरी. भानूदादा जाळ्यात अडकलेत, त्यांनी उंबरं पाठवलीत. तुमची खूण सांगा, म्हणजे ढोली हीच ना, याची खात्री होईल. लवकर करा, खालून साप चढतोय!"

केतकीच्या खूण अगदी ओठावर आली होती, पण तिनं ती गिळली.

"साप चढतोय ना? मग पहारेकऱ्यानं त्याला अडवावं. त्यासाठी माझी खूण कशाला हवी?"

जरा वेळानं हाक आली, "अगं केतके, मी आलोय. चोच काढ बाहेर!"

आवाज हुबेहूब भानूचा होता. केतकीला रडू फुटलं, पण चोच आतच राहिली.

"आधी खूण."

"नवऱ्याला ओळखत नाहीस होय गं?"

"नवऱ्याला खूण ठाऊक आहे."

मग भानूचा आवाज काढणाऱ्या उदमांजराची नखं खोडावरून खरखरत खाली उतरत गेली.

दिवस मावळता मावळता लिंपणावर ओळखीची खूण वाजली. बाहेरचा एक शब्दही बोलला नाही. केतकीनं चोच बाहेर काढली.