सतरा नंबरची सालवण

हे कुणाला सांगायचं नाही, असं शर्वरीताईनं मला बजावलं होतं. तिच्या मनातलं जे इथे येईल, ते तिनंच मला नंतर एकदा सांगितलं, आणि सांगून झाल्यावर पुन्हा बजावलं. तरी लिहिते.

"वेगळी कशावरून?" आबांनी विचारलं.

शर्वरीताईनं पदर खोचावा तशी ओढणी खोचली. तीन वर्षं ती याच प्रश्नाची तयारी करत होती.

आबा म्हणजे माझे आजोबा. शाळेत मास्तर होते. चाळीस वर्षं गावामागच्या सड्यावर, त्या कातळाच्या पठारावर, हिंडून त्यांनी तिथल्या एकूण एक रानझाडाची यादी केली. शर्वरीताई कॉलेजातून त्यांच्याकडे झाडं ओळखायला शिकायला यायची. शिकता शिकता तिला एक नवीच जात सापडली होती, आजवर कुणी न नोंदवलेली. लेख लिहून तयार होता. तो घेऊन चारच्या एसटीनं ती निघणार होती. खाली आबांची सही तेवढी राहिली होती.

तिनं ओटीवर दोन जाड कागद मांडले. प्रत्येकावर एकेक वाळवलेलं झाड, मुळासकट, दोऱ्यानं टाचलेलं.

"ही नेहमीची सालवण. कमरेइतकी होते. पान तळहाताएवढं. शेंगेला सात-आठ पेरं."

"बरं."

"आणि ही माझी. जमिनीला चिकटून. पान नखाएवढं, शेंगेला तीनच पेरं. चोवीस उपटली होती, त्यातलं एक हरवलं. उरलेली तेवीसही अश्शीच." तिनं बाकीचे कागदही ओटीभर पसरले.

"मिळाली कुठं?"

"खिंडीच्या वाटेवर. जगात फक्त तिथंच, आबा!"

"त्या वाटेनं जातं कोण गो?"

"कोण जाणार? ... गुरं."

आबांनी कागदावरच्या झाडाच्या खुडलेल्या शेंड्यावरून बोट फिरवलं.

"नाव तुमचंच ठेवलंय," ती घाईनं म्हणाली.

"माझं? मी काय जमिनीला चिकटून असतो?"

ती हसली, पण हसू गालावरच राहिलं. आबांचं पेन अजून खिशातच होतं.

"तुम्हाला पटत नाहीये."

"मी कुठं काय म्हटलं?"

"तेच तर! हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. माझ्या आधी दुसऱ्या कुणी छापलं तर तीन वर्षं पाण्यात जातील माझी."

...

आबा उठले. "अंगणात चल."

न्हाणीचं पाणी जिथे वाहून जातं, तिथे एक झाड उभं होतं. ताईच्या कमरेला लागेल एवढं. येता-जाता त्याच्या शेंगा तिच्या सलवारीला चिकटायच्या आणि ती वैतागून त्या वेचून काढायची.

"हे काय आहे?"

"आबा, आता परीक्षा घेताय? सालवण."

"कुठली?"

"नेहमीची."

"नीट बघ."

तिनं पान तळहातावर धरलं. शेंगेची पेरं मोजली. आठ. "नेहमीची. डोळे मिटून सांगते."

"लिहून देशील?"

हे तिला लागलं. कान तापले. तिनं वहीचं पान टरकावलं, झाडाचं पूर्ण नाव लिहिलं, खाली तारीख घातली आणि झोकात सही केली.

"घ्या."

"राहू दे तुझ्याकडेच."

आबांनी कोपऱ्यातली कुदळ घेतली. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. ताई कुदळ घ्यायला पुढे झाली, तर त्यांनी मान हलवली. चार घाव घातले. मग मातीत बसले आणि हातानं मुळं मोकळी करू लागले.

"आबा, चांगलं झाड कशाला..."

त्यांनी झाड वर उचललं. माती झाडली. मुळाच्या मानेला काहीतरी चमकलं.

ताईनं ते ओळखलं.

पावसात कागदाच्या चिठ्ठ्यांचा लगदा होतो. म्हणून रानातून झाड आणताना ताई पत्र्याची टिकली कापून, खिळ्यानं तिच्यावर आकडा ठोकून, ती मुळाला तारेनं बांधायची. असं करणारी आमच्या सड्यावर ती एकटीच.

तिनं अंगठ्यानं चिखल पुसला. सतरा. साताची शेपटी वाकडी. तिचाच सात.

"दोन वर्षांपूर्वी ओटीवर विसरून गेलीस," आबा म्हणाले. "जीव होता त्यात अजून. लावलं इथं."

"आधी का नाही सांगितलंत?"

"गेल्या वर्षी वीतभरच होतं. एवढं वाढेल हे मलाही ठाऊक नव्हतं."

...

तिच्या एका हातात टिकली होती, दुसऱ्या हातात स्वतःच्या सहीचा कागद. ओटीवरची तेवीस झाडं तिला तिथूनही दिसत होती. सपाट, कोरडी, एकसारखी. त्यातल्या एकाचंही पुढचं वर्ष आता कुणालाच दिसणार नव्हतं.

खाली रस्त्यावर चारच्या एसटीचा हॉर्न वाजला.

"आबा, लेखाचं काय करू? कॉलेजातल्या सरांना काय सांगू? तीन वर्षं... आता मी करू तरी काय?"

उन्हात उघड्या पडलेल्या झाडाची पानं माना टाकू लागली होती. आबांनी ते पुन्हा खड्ड्यात उभं केलं, भोवती माती लोटली आणि कळशी तिच्याकडे सरकवली.

"आधी पाणी घाल."

आबांच्या या बोलण्याचा अर्थ मी बरेच दिवस शोधत होते. मला वाटतं, त्यांना असं म्हणायचं होतं की ज्याला आपण...

"मनू!" अंगणातून आबांची हाक. "लिहीत काय बसलीस गो? उन्हं उतरली. आधी पाणी घाल."