मातीखालचे फवारे

"मग सिदरामला काढायचं की नाही, तेवढं सांगा."

अच्युत उभ्याउभ्याच विचारत होता. आश्रमात येणारी माणसं त्याला महाराज म्हणू लागल्यापासून आपल्या गुरू अक्कांपुढं खाली बसणं त्यानं सोडलं होतं.

समोरची हिरवळ जळून पिवळी पडली होती. गवताला पाणी देणाऱ्या फवाऱ्यांची तोंडं मातीखाली गडप झालेली, आणि एकही हाती लागत नव्हतं. सकाळपासून अच्युतनं पहारीनं दिसेल तिथं खड्डे पाडले. काही सापडेना, तेव्हा सगळा राग सिदराम माळ्यावर काढला. सिदरामला खोली रिकामी करायला सांगूनही झालं होतं. त्याची बायको आत भांडी बांधत होती.

"माती कुणी टाकली?" अक्कांनी विचारलं.

"मीच टाकवली. उत्सवाला एवढी माणसं बसणार, जमीन सपाट नको? ती तोंडं वर आलेली, डोळ्यांत खुपायची."

"आणि सिदराम काही बोलला नाही?"

सिदराम बाजूलाच होता. तो म्हणाला, मी बोललो होतो की. तेव्हा महाराज म्हणाले, तू मला शिकवणार काय? आता माती पडल्यावर मला तरी कुठून दिसणार, मी काय घार आहे?

"ऐकलीत जीभ?" अच्युत म्हणाला. "असल्या माणसाला ठेवायचं?"

अक्का उठल्या. गुडघे धड नव्हते, तरी स्वतः चालत गेल्या आणि त्यांनी पाण्याचा व्हॉल्व्ह पुरा उघडला.

वर थेंबही आला नाही.

"झोप," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"इथंच. पालथा. कान लाव जमिनीला."

अच्युतनं आपल्या इस्त्रीच्या भगव्याकडं पाहिलं. फाटकाशी दर्शनाची माणसं थांबली होती. ही कामं माळ्याची, असं काहीसं तो पुटपुटला.

"माळ्याला तू काढलंस ना?"

तो झोपला. रागारागानंच झोपला. गाल मातीला टेकला. बराच वेळ त्याला स्वतःच्या श्वासाखेरीज काही ऐकू येईना. मग श्वास संथ झाला. तो कोपरांवर थोडा पुढं सरकला. पुन्हा कान लावला. आणखी थोडा सरकला.

"अक्का... खाली सूं सूं वाजतंय."

त्यानं बोटांनी माती उकरली. मुळ्यांच्या जाळ्यातून पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट त्याच्या तोंडावर. अच्युत हसला. कितीतरी दिवसांनी त्याला कुणी असं हसताना पाहिलं.

मग पुन्हा कपाळाला आठी आली. उठण्यासाठी त्यानं हात टेकला.

"ते ठीक, पण सिदरामचं काय करायचं?"

अक्कांनी हातातली काठी त्याच्या पाठीवर आडवी ठेवली.

"उठू नकोस. असाच विचार त्याला."