काडीचा विचार

झाडांना विचारूनच कलमं बांधली जात, त्या काळातली ही गोष्ट. माळीबाबांनी आंब्याच्या काड्यांना विचारलं, "कोणाला कुठल्या रोपावर बांधू?" एक काडी लगेच म्हणाली, "मला त्या कुंपणाजवळच्या रायवळ रोपावर बांधा. ते मला आवडतं."

"एकदा बांधलं की सोडता येत नाही हं."

"माहीत आहे, बाबा."

तिला जागा द्यायला रोपानं आपला शेंडा छाटून घेतला. माळीबाबांनी दोघांना सुतळीनं घट्ट बांधलं.

चार दिवसांनी पोपट ओरडत आला, "बाकीच्या काड्या राजाच्या बागेत गेल्या!"

काडीचं मन उडालं. 'मी उगाच घाई केली. कुणी विचारलं तर काय कुंपणाचं नाव सांगू?' सुतळीतल्या सुतळीत ती रोज अंग चोरू लागली.

"जरा टेक गं, माझा रस तुझ्यापर्यंत पोचत नाही," रोप म्हणायचं.

"थांब, माझा विचार चाललाय."

महिन्यानं माळीबाबांनी सुतळी सोडली. वाळलेली काडी खाली पडली, रोपाच्या छाटलेल्या शेंड्याशेजारी. तोही केव्हाच वाळला होता.

शेंडा छाटल्यापासून रोपाला काही दिसत नव्हतं. त्यानं हळूच विचारलं, "बाबा, झाला का तिचा विचार?"