मागची दोन चाके

एकदा एका बर्फाळ खिंडीच्या पायथ्याशी एक वृद्ध चालक राहत होता. घाटात गाडी कशी चालवावी हे शिकायला एक शिष्य त्याच्याजवळ येऊन राहिला होता.

हिवाळ्यातला पहिला बर्फ पडला, त्या सकाळी दोघे आपल्या लहानशा जुन्या गाडीला बर्फावर पकड घेणारे हिवाळी टायर चढवत होते. पुढची दोन चाके झाली होती. इतक्यात एक व्यापारी उंच, नवी, चारही चाकांत जोर असलेली गाडी घेऊन आला. खिंडीपलीकडच्या गावात त्याचे वडील शेवटच्या घटका मोजत होते. मुलाच्या हातचे पाणी तोंडात पडावे, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

वृद्धाने त्या नव्या गाडीच्या टायरवर नख दाबून पाहिले. रबर थंडीने दगडासारखे झाले होते.

"शेठजी, ही गाडी तुम्हाला वर नेईल, पण उतारावर थांबणार नाही. आमच्या गाडीतून जा. हा माझा शिष्य नेईल तुम्हाला."

"मग चला ना लवकर!"

शिष्य किल्ली घेऊन धावला. वृद्ध मात्र मागच्या चाकाशी बसला आणि त्याचे नट सोडवू लागला.

"बाबा, ओढणारी चाके पुढची, ती झाली आहेत. यांचे वडील थांबणार आहेत का आपल्यासाठी?"

"पाना दे," वृद्ध म्हणाला.

व्यापारी बर्फात उभा राहून रडत होता. "तुम्हाला बाप नव्हता का हो?"

वृद्धाने मान वर केली नाही. मागची दोन्ही चाके बदलल्यावरच त्याने गाडी सोडली.

दुसऱ्या दिवशी शिष्य एकटा परतला.

"आम्ही पोहोचलो तेव्हा अंग अजून कोमट होतं, बाबा. पाण्याची वाटी उशाशी तशीच होती. शेठजी म्हणाले, तुझ्या म्हाताऱ्याला सांग, दोन चाकांपायी माझं पाणी हुकलं."

वृद्धाने हातातले काम खाली ठेवले.

"उतारावर ब्रेक लावावा लागला?"

"घळीच्या वळणावर. मेंढ्या आडव्या आल्या."

"गाडी मागून सरकली?"

"नाही. जागच्या जागी..." शिष्य बोलता बोलता थांबला.

"पुढची चाके बर्फ धरतात आणि मागची सुटतात, तेव्हा गाडीची मागची बाजू गरकन फिरते. त्या वळणावर फिरायला दरीच आहे. घाईतला माणूस एवढंच विचारतो, गाडी पुढे जाईल ना? ती चारही पायांवर थांबेल ना, हे आपण विचारायचं." वृद्धाचा आवाज खाली गेला. "त्याचं पाणी हुकलं ते माझ्यामुळेच. मला ते विसरता येणार नाही. अग्नी कोणी दिला?"

"त्यांनीच."

"मग दोष देऊ दे मला. दोष द्यायला तो आहे."

शिष्य बाहेर गेला. मागच्या टायरच्या खाचांत अजून बर्फ अडकला होता. तो त्याने बोटाने काढला. तळहातावर त्याचे पाणी झाले, तेव्हा ओंजळ तशीच धरून तो कितीतरी वेळ उभा राहिला.