चाळीस वेताळांची फौज

राजे रणधवल रणपटावर कधी हरत नसत. हरायची वेळ आली, की ते नवा नियम करत!

रणपट म्हणजे दालनभर पसरलेला लाकडी पट. त्यावर वाळूचे डोंगर, निळ्या कापडाची नदी आणि दोन्ही तीरांवर बोटभर उंचीच्या रंगीत सोंगट्या: भालदार, राक्षस, उडते घोडे, दोन डोक्यांचे वाघ. चाल वितीने मोजायची, मार फाशाने ठरवायचा. बारा पाळ्यांनंतर ज्याची फौज मोठी उरेल, तो जिंकला. खेळ इतका सोपा होता. मग महाराजांनी तो सुधारायला घेतला.

एकदा त्यांचा फासा पटाखाली गेला. लगेच नियम झाला, की खाली पडलेला फासा सहाचा धरावा. एकदा ते आपला वेताळ पेटीतच विसरले. सेनापतींनी तसं दाखवून दिलं, तेव्हा महाराज गरजले, "विसरलो नाही! वेताळ अदृश्य असतो!" त्या एका दुपारी वेताळाचे तीन नियम झाले आणि सेनापतींची बदली झाली.

नियम सर्वांना सारखे असत. महाराज त्याबाबतीत फार कडक होते. फक्त ते सुचत महाराज अडचणीत आल्यावर. दप्तरदार नारोपंत ते वहीत उतरवत, कोणत्या डावात कुठली अडचण आली होती त्यासकट. वही दोनशे सहाव्या नियमापर्यंत आली होती.

या सोंगट्या अठरा वर्षं राघू चितारी करत होता. लाकूड तो कोरी, रंग त्याची बायको येसू देई. आषाढात राघू गेला. तेरावा दिवस सरतो न सरतो तोच वाड्याचा हुकूम आला: कारखाना आणि हत्यारं महाराजांच्या मेहुण्याच्या ताब्यात द्यावीत. मेहुण्यांना पटाशी आणि उलथनं यांतला फरक ठाऊक नव्हता. पण ते मेहुणे होते.

येसू वाड्यावर आली.

"महाराज, हात माझे चालतात. कारखाना माझ्याकडे राहू द्या."

"बाईमाणसाला युद्धातलं काय कळतं?"

"आजवर दोन डोक्यांच्या वाघाचे चारही डोळे मीच काढले, महाराज. वाघाने तक्रार केली नाही."

महाराजांच्या मिशा हलल्या. "असं? मग रणपटावर मला हरव! जिंकलीस तर कारखाना तुझा. हरलीस तर हत्यारं इथे ठेवून जायचं."

"आणि सोंगट्या?"

"राघूने केलेल्या सगळ्या वाड्याच्या! तू तुझी फौज आण. उद्या सकाळी."

एका सोंगटीला चार दिवस लागत. हे महाराजांना माहीत होतं, म्हणून तर ते इतके प्रसन्न दिसत होते.

येसूने वाद घातला नाही. ती नारोपंतांपाशी जाऊन बसली. "पंत, नियम वाचून दाखवता? सगळे."

"सगळे?" पंतांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बाई, सगळे तर महाराजांनीही वाचलेले नाहीत."

सकाळी येसू रिकाम्या हातांनी आली. महाराजांच्या चाळीस सोंगट्या झळकत होत्या. पलीकडचा तीर मोकळा होता.

"फौज कुठे आहे?"

"उभी आहे की! चाळीस वेताळ."

दरबारी फिसकन हसले. महाराज म्हणाले, "मला तर दिसत नाहीत!"

"पंत, नियम तेरा."

पंतांनी पान उलटलं. "वेताळ अदृश्य असतो. तो पटावर ठेवण्याची गरज नाही."

"पण ते आहेत कशावरून?"

"नियम चौदा," येसू म्हणाली.

पंतांनी घसा खाकरला. "अदृश्याला कुणी मारू शकत नाही. तो आहे की नाही, असं विचारणाऱ्याची एक पाळी जाते." ते थांबले. "महाराज, आपली पाळी गेली."

"बरं! बसू देत वेताळांना नदीपलीकडे! मी माझ्या डोंगरावरून हलतच नाही. बरोबरी तर बरोबरी!"

"नियम पंधरा, पंत."

पंतांचा आवाज आता जरा बारीक झाला होता. "समोर वेताळ असता प्रत्येक पाळीला भीतीचा फासा टाकावा. जितका आकडा, तितके सैनिक पळाले. वेताळ वेताळाला भीत नाही."

महाराजांनी फासा टाकला. चार! चार भालदार पेटीत गेले. पुन्हा टाकला. पाच! दोन वाघ आणि तीन राक्षस गेले. महाराज चिडले आणि त्यांनी फासा असा आपटला, की तो उडून पटाखाली गेला.

"एक पडलाय!" मेहुणे खाली वाकून ओरडले.

"खाली पडलेला फासा सहाचा," पंत म्हणाले. त्यांना तो नियम पाठ होता.

महाराज जितके चिडत, तितका फासा खाली पडे. दहावी पाळी संपली, तेव्हा डोंगरावर नुसती वाळू होती.

"माझा वेताळ आहे अजून!" महाराज ओरडले.

"असेल, महाराज. मी विचारणार नाही. तुमचा एक, माझे चाळीस."

महाराजांनी हात वर केला. "पंत, घ्या लिहून! नियम दोनशे सात! यापुढे वेताळ बाद!"

पंतांनी बोरू उचलला. आता येसूचा कारखाना एका ओळीत जाणार होता.

"लिहा, पंत," येसू शांतपणे म्हणाली. "दोनशे सहा नियम मी काल ऐकले. एकही महाराज जिंकत असताना केलेला नाही. म्हणजे ही वही महाराज किती वेळा हरले त्याची यादी आहे. आजचीही नोंद होऊ द्या. नाहीतर मी जिंकले, हे लोकांना कळणार कसं?"

बोरू हवेतच राहिला. मेहुणे छताकडे पाहू लागले.

महाराजांनी त्या जाड वहीकडे पाहिलं. मग रिकाम्या पटाकडे. मग ते हसायला लागले! इतके हसले, की पटाला टेकावं लागलं आणि अर्धा डोंगर नदीत गेला.

"दोनशे सहा! आणि या दरबारात एकाच्याही तोंडातून कधी शब्द फुटला नाही! येसू, कारखाना तुझा. हत्यारंही तुझी. वर दरसाल दोन गाड्या पांगाऱ्याचं लाकूड वाड्यातून येईल. आणखी काय हवं? माग!"

येसूने बाजूला पाहिलं.

"पंतांना आज घरी सोडा, महाराज. नियम लिहून लिहून त्यांचं मनगट सुजलंय."