साळूचा हात आणि राजाचा बगळा

फार जुनी गोष्ट आहे, मंडळी. इतकी जुनी, की त्या काळच्या राजांची नावंसुद्धा लोक विसरून गेलेत. लहानांनी जरा पुढं सरकून बसावं, मोठ्यांनी जांभया आवरून ऐकावं.

एका नदीच्या वळणावर एक गाव होतं. धुक्याचा त्या गावावर भारी जीव. पहाटे ते नदीतून उठायचं, गल्लीबोळांत शिरायचं, आणि उन्हं वर आली तरी निघायचं नाव घ्यायचं नाही. माणसं एकमेकांना चेहऱ्यावरून नाही, आवाजावरून ओळखायची.

या गावाची एक रीत होती. नवं घर बांधलं, की आतल्या एका भिंतीवर चित्र काढून घ्यायचं. चित्र निघाल्याशिवाय त्या घरात चूल पेटायची नाही. आणि ते चित्र काढायची साळू.

साळूची तऱ्हाच निराळी. ती भिंतीसमोर बसायची, डावा तळहात भिंतीला लावायची आणि डोळे मिटून घ्यायची. भिंत हाताला कोमट लागली, की तिचा उजवा हात आपसूक गेरूत जायचा. शिंदीच्या काडीचं टोक ठेचून केलेली कुंचली मग चालायला लागायची. काय निघतंय ते खुद्द साळूलाही ठाऊक नसायचं. आणि भिंत थंडच राहिली, तर ती पदर झटकून उठायची. म्हणायची, "आज नाही. उद्या बघू."

घरमालक कपाळावर हात मारून घ्यायचा. "अगं बाई, एक मोर काढ अन् मोकळी हो की!"

"मोर आला तर काढीन. आलाच नाही तर कुठनं आणू?"

गजरा आजीलाही मोरच हवा होता. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन, पिसारा फुलवलेले. साळूच्या हातून निघाली एक शेळी. तीही एका शिंगाची! शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. आजी मात्र त्या शेळीकडं बघत बघत खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडली. तिच्या माहेरी अशीच एक एकशिंगी शेळी होती. लग्न होऊन आजी निघाली, तेव्हा ती वेशीपर्यंत मागं आली होती. ही गोष्ट आजीनं कधी कुणाला सांगितली नव्हती. शेळीची काय गोष्ट सांगायची, नाही का?

"तुला कसं गं कळलं?" आजीनं विचारलं.

"मला काही कळत नाही, आजी," साळू म्हणाली. "हाताला कळतं."

हे बोलणं फिरत फिरत राजधानीत गेलं. तिथल्या राजाला झोप येत नव्हती. वैद्य झाले, काढे झाले, बासरीवाले झाले. राजा आपला छताकडं बघत पडलेला. शेवटी त्यानं साळूला बोलावून घेतलं आणि शेजघराची भिंत दाखवली.

साळू त्या भिंतीला हात लावून बसली. सेवक चुळबुळ करायला लागले, प्रधानजी तर तीनदा खाकरले. मग एकदाची भिंत कोमट झाली. तिथं एक बगळा उमटला. एका पायावर उभा, डोळे अर्धे मिटलेले, खाली संध्याकाळचं पाणी. लहानपणी तळ्याकाठी आईच्या मांडीवर डोकं ठेवून राजा असाच एक बगळा बघायचा. चित्राकडं बघता बघता त्याच्या पापण्या जड झाल्या, आणि तो जो झोपला तो उन्हं अंगावर आल्यावरच उठला.

झालं! साळू राजाची चित्रकार झाली. तिला राहायला जागा मिळाली, अंगावर शाल आली, आणि दारात माणसांची रीघ लागली. प्रधानजींना बगळा हवा. सेनापतींना बगळा हवा. नगरशेठला दोन हवे.

"पण तो राजाच्या भिंतीवर आला," साळू म्हणाली. "तुमच्या भिंतीवर दुसरं काही येईल."

प्रधानजी गोड हसले. वाईट माणूस नव्हता तो, घाईतला होता. "बाई, हात तुमचा, बगळा तुमचा. एकदा आला तो पुन्हा यायला काय झालं? भिंतीला हात लावून बसायला कुणाला वेळ आहे? खाका करा की."

खाका म्हणजे काय, ते सांगतो. चित्र कागदावर उतरवायचं आणि त्याच्या रेघांवर सुईनं बारीक भोकं पाडायची. तो कागद भिंतीला लावून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थापटायची. भोकांतून काळे ठिपके भिंतीवर उतरतात. ठिपके जोडले, की चित्र तयार. त्यात वाईट काही नाही. किती कारागिरांची पोटं त्यावर चालतात.

पण साळूचं काम वेगळं होतं. पहिल्यांदा खाका लावला तेव्हा तिला चोरी केल्यासारखं वाटलं. पुढच्या खेपेला थोडं कमी वाटलं. मग वाटायचंच बंद झालं. वर्षं गेली. राजधानीत जिकडं बघावं तिकडं बगळेच बगळे, सगळे एका मापाचे. साळूला डावा हात भिंतीला लावायची गरजच उरली नाही. तो हात आता कागद धरायचा.

एकदा पावसाळ्यात, सेनापतींच्या दिवाणखान्यात काम करता करता भरदुपारी तिचा डोळा लागला. स्वप्नात तिला धुकं दिसलं. त्या धुक्यातून कुणीतरी हाक मारत होतं, "अक्का! ए अक्का!" ती दचकून जागी झाली. समोर अर्धवट रंगवलेला बगळा होता. 'काहीतरीच बाई,' असं म्हणून तिनं चोच पुरी केली.

थोड्या दिवसांनी गावाकडून निरोप आला. नदीला पाणी आलं होतं, सगळे सुखरूप आहेत, जिवाचं घर तेवढं गेलं. जिवा म्हणजे साळूचा धाकटा भाऊ. साळूनं गाठोडं बांधून ठेवलं. जाऊ जाऊ म्हणत राहिली, पण हातातलं काम काही संपेना.

मग थंडीच्या तोंडाला दुसरा निरोप आला. "अक्का, नवं घर झालं. अनसाचे दिवस भरत आलेत. भिंत तुझी वाट बघतेय." अनसा म्हणजे जिवाची बायको.

साळू निघाली. सोबत रंग घेतले, आणि सवयीनं खाकाही घेतला.

धुक्यात घर दिसेना, आधी चुलीचा धूर दिसला. तीन दगडांची चूल, तीही चिंचेखाली, उघड्यावर. शेजारी घोंगडं गुंडाळून अनसा बसलेली, नऊ महिन्यांचं पोट सांभाळत. चार पावलांवर नवंकोरं घर उभं होतं. पण चित्र नाही, म्हणून चूल नाही. आणि चूल नाही, म्हणून माणसं बाहेर.

"अगं, कुणाकडूनही काढून घ्यायचं होतंस ना!" साळू कळवळली.

"असं कसं, वन्सं?" अनसा म्हणाली. "घरचं माणूस असताना?"

साळूनं घाई केली. बाळंतीण होऊ घातलेली बाई थंडीत किती बसवायची? तिनं खाका लावला, पुरचुंडी थापटली, ठिपके जोडले. दुपारच्या आत बगळा तयार. मग तिनं दोघांना आत बोलावलं.

जिवा बघत राहिला. "छान आहे, अक्का," तो म्हणाला आणि बाहेर गेला. भांडी आत आणायला गेला असेल, असं साळूला वाटलं. पण तो चिंचेखालच्या चुलीत लाकूड सारत बसला.

अनसा दारातच उभी होती. ती हळूच म्हणाली, "रागावू नका हं, वन्सं. हा राजाचा बगळा आहे. यानं आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही."

साळूला ते फार लागलं. तिनं तोंड फिरवलं आणि ढसाढसा रडली. कारण अनसा खरं बोलली होती.

मग तिनं ओल्या फडक्यानं बगळा पुसला. शेणमाती कालवून भिंत पुन्हा सारवली, डावा तळहात लावला आणि डोळे मिटले. भिंत गार. दुसऱ्या दिवशीही गार, तिसऱ्या दिवशीही. साळू दिवसभर बसून राहायची, आणि मनात एकच भीती, 'गेला का माझा हात कायमचा?' हातानं निदान ओळख तरी द्यायची होती. पण तो कुणी परका असावा तसा मांडीवर पडून राहायचा.

अशात प्रधानजींचा स्वार आला. "बाई, नवा महाल तयार आहे. ताबडतोब चला. नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल."

साळूनं भिंतीकडं पाहिलं. उद्या ती कोमट होईल, असं कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं. राजधानीत मान होता, शाल होती. इथं एक गार भिंत होती.

तिनं खाक्याची गुंडाळी उचलली आणि स्वाराच्या हातात दिली. "प्रधानजींना बगळा हवाय ना? तो यात आहे. माझं तिथं काही काम नाही."

स्वार गेला. साळू पुन्हा भिंतीपाशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे अनसाला कळा सुरू झाल्या. धुकं असं, की समोरचा हात दिसेना. जिवा सुईणीला आणायला नदीपलीकडं धावला. अनसा थंडीनं कुडकुडत होती. साळूनं तिला उचलून धरून घरात आणलं.

"वन्सं, चित्र..."

"मरू दे ते चित्र! तू आत बस."

तिनं अनसाला भिंतीला टेकवून बसवलं आणि तिच्या पाठीमागं, भिंतीच्या आणि तिच्या मधे, आपला डावा हात घातला. धुकंही त्यांच्या मागोमाग आत आलं. कळ आली, की अनसा साळूच्या खांद्यात नखं रुतवायची. साळू तिला समजावत होती, कुरवाळत होती, देवाचं नाव घेत होती. भिंत, खाका, राजधानी, सगळं ती विसरून गेली.

आणि मधेच तिच्या लक्षात आलं, की डाव्या हाताला ऊब लागतेय. अनसाची पाठ ऊबदार होती, हे खरं. पण ऊब भिंतीचीही होती.

"काढा, वन्सं," अनसा दात आवळून म्हणाली. "माझ्याकडं नका बघू. काढा!"

साळूचा उजवा हात गेरूत गेला. कुंचली शोधायला वेळ कुठला? बोटांनीच भिंतीवर रेघा उठायला लागल्या. लाटा उमटल्या. लाटांवर एक आडवी फळी आली. फळीवर दोन माणसं, एकमेकांना धरून बसलेली. आणि त्यांच्यासमोर, काय सांगू, एक कोंबडी! तिला शेपूटच नव्हतं. साळूनं शेपूट काढायला बोट नेलं, पण बोट हलेचना. तिनं ते तसंच सोडलं.

तेवढ्यात धुक्यातून सुईण आली, आणि पाठोपाठ बाळाचा ट्यांहां आला. मुलगी झाली होती.

जिवा उंबऱ्यात धापा टाकत उभा होता. त्यानं बाळ पाहिलं, अनसा पाहिली, मग भिंत पाहिली. आणि तो मटकन खाली बसला.

"अक्का, तुला कुणी सांगितलं?"

"काय रे? मला वाटलं, हा पाट आहे."

"पाट नाही, दार आहे ते. जुन्या घराचं. पाण्यानं उखडलं आणि आम्ही दोघं त्यावर चढलो. सबंध दिवस वाहत होतो. कुठनं तरी ही भुंडी कोंबडी उडून येऊन समोर बसली. काठाला लागलो तशी उडून गेली, पुन्हा काही दिसली नाही. तुझ्या जिवाला घोर नको, म्हणून आम्ही कुणाला बोललो नाही." जिवा साळूकडं वळला. "त्या दिवशी मी तुला हाका मारत होतो, अक्का. तू एवढी लांब, तुला काय ऐकू जाणार? पण मारत होतो."

साळू भिंतीला टेकली. स्वप्नातलं ते धुकं तिला आठवलं.

"ऐकू आल्या होत्या रे मला," ती म्हणाली. "भरदुपारी ऐकू आल्या होत्या. आणि मी बगळ्याची चोच पुरी करत बसले."

जिवा उठला. त्यानं बाहेरच्या चुलीतला निखारा आणून आतल्या चुलीत ठेवला आणि बाळाच्या अंघोळीचं पाणी तापत ठेवलं. घर धुरानं भरलं. सगळ्यांचे डोळे पाणावले, आणि धुराचं निमित्त कुणालाच पुरलं नाही.

तिकडं राजधानीत बगळे निघतच राहिले. खाका होता, हात कुणाचाही चालत होता. प्रधानजींच्या घरी तोच बगळा, कोतवालाच्या चौकीत तोच. ते बघून बघून राजाला आपला बगळाही त्यांच्यातलाच एक वाटायला लागला, आणि त्याची झोप पुन्हा उडाली.

साळू मात्र गावातच राहिली. कुणाच्या भिंतीवर काय येईल, याचा तिला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. कधी भिंत लगेच कोमट व्हायची, कधी पंधरवडा जायचा. माणसं कपाळावर हात मारायची, आणि वाट बघायची. पण त्या दिवसानंतर कुणी हाक मारली, खरी असो की स्वप्नातली, की साळू हातातली कुंचली खाली ठेवून आधी दारात येऊन बघायची.

बोध : मनापासून उमटलेलं पुन्हा पुन्हा गिरवत बसलं, की हात चालत राहतो, पण त्याला हाका ऐकू येईनाशा होतात.