सातव्या उमरावाची शिंगं

फार वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या डोंगरात हरणाचा एक रुबाबदार नर राहत होता. येणाऱ्याजाणाऱ्याला तो बजावी, “मी या दरीचा सातवा उमराव. ही शिंगं आमच्या घराण्याची खूण आहेत!”

वसंतात शिंगं गळून पडली आणि त्याच्या जिवाला चैन पडेना. तो पाण्यात डोकं बघे, झुडपं हुंगे, पुन्हा पाण्याकडे धावे.

“आई, आता मला उमराव कोण म्हणेल? बाबांची शिंगं तरी दे, तीच दाखवतो!”

“ती मी खाल्ली,” म्हातारी हरिणी म्हणाली. “तेव्हा तू पोटात होतास. त्यांतूनच तर तुझी हाडं झाली.”

“आणि माझी शिंगं कुठं गेली?”

आईनं मान वळवली. खडकामागे त्याची गाभण बायको आठव्या उमरावासाठी शिंग कराकरा चावत होती.